रंगाने ब्रेकला काही होत नाही

पावसाने पाठ फिरवली, हवेतली ओल उतरली, की माझ्या नाकाला थिनरचा वास येतो. घरात थिनर नाही. धंदा सोडून इतकी वर्षं झाली की नखांच्या कडेला बसलेला रंगसुद्धा वाढून कापला गेला. तरी येतो. सून म्हणते, दादा, तुम्हाला भास होतो. असेल. लोकांना या दिवसांत झेंडूचा वास येतो, धुपाचा येतो, मला थिनरचा. ज्याचं नाक त्याच्यापाशी.

मी चौथी पास. त्यातही चौथीचं अर्धं वर्ष बापाने मिठागरावर नेलेलं. त्यामुळे माझं लिहिणं सरळ रेषेत चालत नाही, कुठे कडेला जाईल, कुठे थांबेल. चालवून घ्या. पण गाड्या रंगवण्यात ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंत माझ्या हाताला तोड नव्हती. हे दुसऱ्याने सांगावं अशी रीत आहे. सांगणारे उरले नाहीत म्हणून मी सांगतो.

आमच्या धंद्याचं वर्ष घटस्थापनेला सुरू व्हायचं. पावसात गाडी रंगवायची नसते. ओल्या हवेत फवाऱ्याच्या गनचा रंग पांढरा पडतो, काळ्याभोर दरवाजावर कुणी पिठाचा हात फिरवल्यासारखा. अडाणी कारागीर तरी रंगवतो आणि मग डब्याला शिव्या देतो. मी चार महिने कॉम्प्रेसरवर गोणपाट टाकून ठेवायचो. मग पितृपक्ष. त्या पंधरा दिवसांत गाडीला नवं काही करायला कोणी येत नसे. आणि घट बसले की सगळे एकदम. दसऱ्याला गाडी दारात नव्या नवरीसारखी पाहिजे. टॅक्स्या, टेंपो, शाळेच्या बसगाड्या, डॉक्टरची गाडी, मटणवाल्याची गाडी, ठाकुर्लीच्या आमच्या पत्र्याच्या शेडपासून पार रस्त्यापर्यंत रांग. नऊ दिवस. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पत्रा घासायचा, त्याचा आवाज तांदूळ धुतल्यासारखा येतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तोच आवाज. उपास असायचा, पोटात शेंगदाणे आणि केळं, आणि छातीत थिनर.

आमच्या शेडमध्ये रंग माझा आणि ब्रेक दामूचे. कळव्याला एकाच चाळीत वाढलो, त्याचा बाप आणि माझा बाप एकाच मिठागरावर. दामू ब्रेकची परीक्षा घ्यायचा तेव्हा डोळे मिटायचा. पेडलवर पाय, डोळे बंद, मान थोडी कलती. मी चिडवायचो, अरे, गाणं ऐकतोस का? तो म्हणायचा, पायाला कळतं, डोळे उगाच मध्ये तोंड घालतात. खरंच कळायचं त्याला. पेडल किती खाली जातं, कुठल्या चाकाने आधी धरलं, कुठल्याने मागून, सगळं पायातून. शिकलेले इंजिनिअर यायचे त्याच्याकडे. माझ्याकडे बायका यायच्या नवऱ्याला घेऊन, रंग पसंत करायला. मी तेव्हा म्हणायचो, दामू, तुझं काम कोणाला दिसत नाही, माझं सगळ्या रस्त्याला दिसतं. तो हसायचा. हे वाक्य मला आता घशाखाली उतरत नाही.

परवा खाली पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा जोशांचा जावई गाडी पुसत होता. हल्लीच्या चाकांना मोठ्या खिडक्या असतात, आतलं सगळं दिसतं. आत लालभडक कॅलिपर. मी बघत उभा राहिलो असेन जरा जास्त. त्याने विचारलं, काका, तुम्ही पेंटर होतात ना? हा रंग मी स्वतः लावलाय. याने ब्रेकवर काही परिणाम होतो का हो? मोबाइलवर कोणी काय म्हणतं, कोणी काय.

मी म्हटलं, होत नाही.

आणि वर आलो. जेवलो नाही. सून विचारत राहिली, दादा, भाजी तिखट झाली का. भाजी बिचारी बरी होती.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी गाड्यांचे ब्रेक लोखंडी डब्याच्या आत झाकलेले असत. नंतर डिस्क ब्रेक आले. चाकामागे एक चकती फिरते, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायला एक जबडा असतो, तो कॅलिपर. जबड्यात दोन पॅड असतात. पेडल दाबलं की पॅड आपल्या खाचेत सरकतात आणि चकतीला धरतात. सोडलं की मोकळे. सगळा खेळ त्या सरकण्याचा. कॅलिपरच्या बाहेरच्या अंगाला लाल लावा, पिवळा लावा, सोनेरी लावा, ब्रेकला त्याचं सुखदुःख नाही. साधा ऑइल पेंट असेल तर गरम होऊन करपतो, तपकिरी पडतो, वास मारतो, इतकंच. लाल लावला म्हणून जास्त धरत नाही आणि कमीही धरत नाही. पण जिथे पॅड सरकतो ती खाच आणि ज्यावर जबडा सरकतो त्या दोन पिना उघड्या राहिल्या पाहिजेत. तिथे नखभर रंगसुद्धा चालत नाही. त्यासाठी कॅलिपर खोलायचा, पट्टी चिकटवून नको तो भाग झाकायचा, मग रंगवायचा. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. जोशांच्या जावयाला सांगता आलं असतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीचे एक मोकाशी म्हणून दुबईला सात वर्षं राहून आलेले. नवीकोरी छोटी गाडी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, तेव्हा मोठं अप्रूप. ते एक गुळगुळीत कागदाचं मासिक घेऊन आले. त्यात कुठलीशी परदेशी गाडी, चाकाच्या आरीतून लाल कॅलिपर दिसतोय. म्हणाले, मला हे पाहिजे. दसऱ्याला सकाळी सासुरवाडीला जायचंय, कल्याणला, सोनं द्यायला. तोवर पाहिजे.

दामूने डोकं खाजवलं. म्हणाला, साहेब, रस्त्यावर चाक फिरताना कोणाला दिसणार?

मी म्हटलं, उभं असताना दिसेल. देतो. दसऱ्याला सकाळी सातला.

शब्द मी दिला. माझ्या शब्दाची किंमत मीच वाढवून ठेवलेली, कोणी मागितली नव्हती.

अष्टमीला दामूने डावा कॅलिपर खोलला, घासला, पट्टी लावून झाकला आणि माझ्याकडे दिला. मी दोन हात मारले. वाळल्यावर त्याने परत बसवला. देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू. मग त्याने चारही चाकांचं ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं, पाइपातली हवा काढत काढत एकेक चाक केलं. शेवटचं पुढचं उजवं. ते चालू असताना त्याच्या घरून निरोप आला, धाकट्या पोरीला ताप भरलाय. त्याने उजवं घाईत उरकलं. हात धुतानासुद्धा म्हणत होता, उजवा कॅलिपर उद्या खोलून देतो. गाडी ठोकळ्यावर, उजवं चाक काढलेलं, आणि तो गेला.

उद्या म्हणजे खंडेनवमी.

इतर गॅरेजवाले हत्यारांची पूजा दसऱ्याला सकाळी उरकतात आणि लगेच कामाला लागतात. आमच्याकडे तसं नव्हतं. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे. नवमीला पहाटे सगळे पाने, पकडी, हातोडे रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, फळीवर लाल फडकं टाकून मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लोखंडाला वर्षातून एक दिवस सुट्टी. माझ्या बापाने मिठागरावरचं फावडं असंच ठेवलेलं मी पाहिलंय, आणि मुकादमाने पगार कापला तरी उचललं नाही. ते माझ्या डोक्यात बसलेलं. देवावर माझी फार श्रद्धा होती असं नाही. बापावर होती.

दामू नवमीला नऊ वाजता आला. मी पहाटेच पूजा मांडून मोकळा. त्याने फळीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. डोळे तांबारलेले, पोरीपाशी जागलेला.

"एक बाराचा पाना उचलू दे रे. दोन बोल्ट आहेत. देवी काय रागावणार नाही."

मी म्हटलं, नाही.

"मग एकादशीला देऊ गाडी. मोकाशींना मी सांगतो."

"शब्द दिलाय मी."

"पाना नको, गाडी पण उद्याच पाहिजे. मग काय दाताने खोलू?"

मी म्हटलं, उचलशील तर उद्यापासून तुझी शेड वेगळी. असं म्हटलं मी. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला. तो घरी जातो म्हणाला, पोरीला बघायला. जाताना फळीसमोर चप्पल काढून नमस्कार करून गेला, हे मला आठवतं. माझ्यावर रागावून हत्यारांना नमस्कार करून गेला.

शेडमध्ये मी एकटा. गाडी ठोकळ्यावर, उजवा कॅलिपर जागच्या जागी काळा. एक डोळा लाल आणि एक काळा असं काहीतरी ते दिसत होतं आणि मला सहन होईना. मग मला सुचलं. ब्रश लोखंडाचा नसतो. ब्रश म्हणजे लाकूड आणि केस. हत्यार म्हणजे लोखंड. मी फळीवर ब्रश ठेवलाच नव्हता, कधीच ठेवत नसे. देवाला असं फसवता येतं हे मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं.

मी खाली बसलो आणि कॅलिपर जागेवरच रंगवला. पट्टी लावली नाही. पट्टीची कात्री आणि पत्ती फळीवर होती. लाल रंग झाकायला वाईट असतो, काळ्या लोखंडावर एका हातात भरत नाही. दुसरा हात मारला. तिसरा मारला. कोपऱ्यात ब्रश जात नव्हता म्हणून दाबून घातला. रंग आत उतरत होता, खाचेत जमत होता, पिनेवरच्या रबरापाशी गोळा होत होता, हे मला दिसत होतं. मला दिसलं नाही असं मी कधी स्वतःलाही सांगितलेलं नाही. मला वाटलं, पहिल्या ब्रेकला निघून जाईल. आणि बाहेरून तो असा दिसत होता, डाव्याहून चांगला.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली, नारळ फोडला, दामूने पाना उचलून चाक चढवायला घेतलं. कॅलिपर लाल बघून थबकला. त्याने वाकून आत बघायचा प्रयत्न केला, पण मी मध्ये उभा होतो आणि उजेडही तेवढा नव्हता.

"जागेवरच रंगवलास? आत नाही ना गेला?"

मी म्हटलं, "शेकड्याने गाड्या रंगवल्यात. तू मला शिकवणार?"

तो म्हणाला, "शिकवत नाही रे, विचारतोय."

एवढंच. त्याने चाक घट्ट केलं. आत बसून डोळे मिटून पेडल दाबलं. कडक लागलं असणार, तेल नवं होतं. अंगणात दहा पावलं गाडी पुढेमागे केली. मान कलती करून क्षणभर बसून राहिला. त्याच्या पायाला काहीतरी कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं. पण माझ्या शब्दावर त्याने पाय उचलला. मोकाशी हार घेऊन आलेच होते.

कल्याणला एसटी स्टँडच्या पुढे रस्त्याच्या डाव्या हाताला दसऱ्याच्या दिवशी मुरबाडकडच्या बायका आपट्याच्या डहाळ्या घेऊन बसतात. समोरून एक सायकलवाला आडवा आला आणि मोकाशींनी जोरात ब्रेक दाबला. डाव्या चाकाने धरलं, उजव्याने धरलं नाही. असं झालं की गाडी धरलेल्या चाकाकडे खेचली जाते. ती डावीकडे वळली आणि त्यांच्यातल्या एका हिराबाईच्या पायावर गेली. माणूस मेलं नाही. गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं. तिशीची बाई. पुढे चालायला लागली, पण एक पाय कायमचा आखूड.

दामू बातमी ऐकली तसा दवाखान्यात धावला. गाडी लोकांनी दुसऱ्या गाडीला बांधून आमच्या शेडला आणली. दुपारची वेळ, सगळे मोकाशींच्या मागे पोलीस चौकीवर. शेडमध्ये परत मी एकटा. लोखंडाची सुट्टी संपलेली होती, आता मला पाना चालत होता. मी उजवं चाक खोललं.

आतला पॅड खाचेत चिकटून बसलेला. बोटाने हलेना. वरून साय धरलेला रंग, आतून ओला, खळीसारखा. मी पेचकसाने तो उपटला. मग पत्तीने खाच खरवडली, पिना थिनरने पुसल्या, फडकं जाळलं. पॅड परत बसवला. बोटाने ढकलला, लोण्यासारखा सरकला. इतकं स्वच्छ काम मी त्या हंगामात दुसरं केलं नव्हतं.

संध्याकाळी मोकाशींनी दुसऱ्या गॅरेजचा मिस्त्री आणला. त्याने चाक खोलून बघितलं, सगळं मोकळं. म्हणाला, उजव्या पाइपात हवा राहिली असणार. दामू तिथेच उभा होता. त्याचा चेहरा मी बघितला. तो मनात अष्टमीची संध्याकाळ परत करत होता. शेवटचं चाक, घरचा निरोप, घाई. त्याने मान हलवली. म्हणाला, हो, उजवं मी घाईत केलं.

मोकाशींच्या भावाने विचारलं, रंगामुळे तर काही झालं नसेल ना?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, रंगाने ब्रेकला काही होत नाही.

खरं होतं ते. आजही खरं आहे. मी शाळेत शिकलो नाही, पण इतकं मला आयुष्याने शिकवलं की खरं बोलून जेवढं खोटं पचतं तेवढं खोटं बोलून पचत नाही. दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रीने मान डोलावली. बरोबर आहे, म्हणाला, रंगाचा काय संबंध.

वर मी दामूच्या बाजूने भांडलो. मोकाशींना म्हटलं, माणूस आहे, पोरगी आजारी होती, वीस वर्षांत पहिली चूक. चौकीवर त्याच्यासाठी हात जोडले. प्रकरण मोकाशींनी आपापसात मिटवलं. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा. आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. हे सगळ्यात कडू आहे. त्या दिवसांत खोटं मला टोचत नव्हतं, लोकांचं कौतुक गोड लागत होतं.

दामूने पुन्हा ब्रेकला हात लावला नाही. मी म्हटलं, वेडा आहेस का, एका चुकीने कोण धंदा सोडतं. तो म्हणाला, माझ्या पायावर माझा भरवसा उरला नाही. कळव्याला एका पिठाच्या गिरणीत लागला. मी कधी दळण घेऊन जायचो तेव्हा तो पांढरा झालेला असायचा, भुवया, कानाची पाळी, सगळं. चिमटीत पीठ धरून बायकांना विचारायचा, बारीक पाहिजे की जाडं. ज्याच्या पायाला चाकाचा श्वास कळायचा तो माणूस. त्याच्या जागी मी दुसरा मिस्त्री ठेवला. तो डोळे उघडे ठेवून पेडल दाबायचा.

मोठ्या मोठ्या नवरात्रींमध्ये गेलो मी त्या वर्षांत. ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीसमोर तास तास उभा राहिलो. बायको म्हणायची, तुमची भक्ती वाढली. मी देवीकडे काय मागत होतो? तिने दामूला सांगावं. माझ्या तोंडून निघायला नको, तिने त्याच्या स्वप्नात जाऊन सांगावं. देव असली कामं करत नाहीत. ज्याची त्यालाच करावी लागतात.

दर दसऱ्याला सकाळी दामू कल्याणला जायचा. मला हे कळलं ते तिसऱ्या वर्षी. मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीशी उभा राहून बघितलं. मुरबाडची एसटी आली, हिराबाई एकेक पायरी धरत उतरली. डहाळ्यांचा भारा टपावर. दामूने तो उतरवून घेतला, खांद्यावर टाकला, तिच्या जागेपर्यंत नेला, गोणपाट अंथरलं. ती त्याला बसा म्हणाली नाही. नंतर मला समजलं, पहिली दोन वर्षं तिने त्याला भाऱ्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. दवाखान्यात त्याने तिला सांगितलेलं, बाई, ब्रेक मी केला होता, माझ्या हाताची चूक. ती त्याच्यावर थुंकलेली. तो पुढच्या वर्षी परत गेला, त्याच्या पुढच्या वर्षी परत. तिसऱ्या वर्षी तिने भारा उचलू दिला. पाचव्या वर्षी मी बघितलं, ती त्याला चिडवत होती. काय ओ गिरणीवालं, पीठ खाताव का अंगाला लावताव? आणि दामू हसत होता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याला हसताना बघितलं, आणि मी रस्त्याच्या या बाजूला.

दरसाल मी तिथे उभा राहायचो. चहा घ्यायचो. निघून यायचो. माझी शेड चांगली चालली होती. लाल रंगाचं काम आलं की मी ते दुसऱ्याला द्यायचो, कारण विचारलं तर म्हणायचो, लाल भरत नाही.

आठव्या वर्षी नवमीला दामूची बायको, सुमन वहिनी, माझ्या घरी आल्या. पूजा आता मी घरीच मांडायचो, फळीवर पाने-पकडी. त्यांनी फळीपुढे हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, तेव्हा तुम्ही मागे उभे राहिलात म्हणून हे जगले. नाहीतर ह्यांनी खाडी जवळ केली असती. मी दर नवमीला तुमचं नाव घेऊन दिवा लावते."

मी म्हटलं, चहा घ्या वहिनी. त्या गेल्यावर मी फळीकडे बघत बसलो. आठ वर्षं माझ्या नावाचा दिवा जळत होता त्या घरात.

दसऱ्याला सकाळी कल्याणला गेलो. टपरीवर थांबलो नाही. रस्ता ओलांडला. दामू तिच्या शेजारी उकिडवा बसून डहाळ्यांच्या जुड्या बांधत होता. मला बघून म्हणाला, अरे, तू इकडे? बस. हिराबाई माझ्याकडे बघून म्हणाली, सोनं घेयाचं का?

मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. म्हटलं, दामू, हवा नव्हती राहिली. मी नवमीला जागेवर रंगवला, पट्टी न लावता. पॅड चिकटला होता. दुपारी मी खोलून साफ केला.

दामूच्या हातातला दोरा तसाच राहिला. मला वाटलं उठेल, कानाखाली देईल. मी त्यासाठी गेलेलो, खरं सांगतो. त्याने विचारलं, "आतला पॅड की बाहेरचा?"

"आतला."

त्याने डोळे मिटले. मान थोडी कलती केली. अंगणातली ती दहा पावलं तो परत चालवत होता, आठ वर्षांनी, पायात काय कळलं होतं ते ऐकत होता. मग डोळे उघडून म्हणाला, "वाटलेलं मला. उजवा जरा मागून धरतोय असं वाटलेलं." आणि पुन्हा जुडी बांधायला लागला. गाठ बसत नव्हती.

हिराबाई दोघांकडे बघत होती. तिने दामूला विचारलं, काय म्हनतो ह्यो?

दामू म्हणाला, माझी चूक नव्हती म्हणतो. ह्याची होती.

ती माझ्याकडे वळली. मी हात जोडले. म्हटलं, बाई, मला माफ करा. त्यापुढे मला बोलायचं होतं, की मी दर वर्षी येतो, समोर उभा राहतो, मला पण झोप नाही. तिने हाताने थांबवलं.

"ह्याला माफ करायला मला दोन वर्सं लागली," ती म्हणाली. "रोज सकाळी पाय टेकवताना ह्याला शिव्या दिल्या, तवा कुठं राग सरला. आता तुझ्यासाठी मी परत पयल्यापासून सुरू करू? मला न्हाय येळ तेवढा."

दामूने मान वर केली नाही. तिने त्याच्या हातातली जुडी घेतली, गाठ दातांनी ओढून बसवली, ढिगावर टाकली.

"बाजूला हो," मला म्हणाली, "मागं गिऱ्हाईक उभं हाय."

मी बाजूला झालो.